पुस्तकी किडा कसे व्हावे : बीड जिल्ह्यातील होतकरूंसाठी प्राथमिक मार्गदर्शिका

साहित्य : एक पुस्तक (पाठ्यपुस्तक असेल तर उत्तम, दिवाळी अंक असेल तर आत झाकून धरावा), येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल अशी बसायची एक जागा, आणि एक चुलता. चष्मा असला तर रंगत वाढते, नसला तरी चालतं. चुलता मात्र पाहिजेच. स्वतःहून कोणी पुस्तकी किडा होत नसतं. ती पदवी दुसऱ्यानं द्यावी लागते आणि आमच्याकडं ती द्यायचा पहिला मान चुलत्याचा. तो बाजेवर बसलेला असतो, तुम्ही ओसरीच्या कडेला वाचत असता. तो तुमच्याकडं न बघता तुमच्या वडलांना म्हणतो, "पोरगं निव्वळ बुकातला किडा झालंय. बैलं तरी सोडता येतेत का त्याला?"

झाली तुमची नोंदणी. फी नाही आणि पावतीही मिळत नाही.

बैल सोडता येतात का, या प्रश्नाचं उत्तर देऊ नये. मला येत नव्हते. आता आमच्या दावणीला बैलच राहिले नाहीत, त्यामुळं तो विषय दोन्ही बाजूंनी मिटला.

शब्दाची ओळख

शिकाऊ उमेदवारानं आधी ध्यानात घ्यावं की किडा या शब्दाचं वजन गावागणिक बदलतं. पुण्यात कोणाला पुस्तकी किडा म्हटलं तर जुन्या कपाटातली रुपेरी कसर डोळ्यांपुढं येते, पुस्तकाच्या शिवणीत राहणारी, गरीब, कोणाच्या अध्यात ना मध्यात. बीड जिल्ह्यात किडा म्हटलं की कापूस आठवतो. २०१७ साली गुलाबी बोंडअळीनं मराठवाड्यातला कापूस पोखरला तेव्हा बोंड बाहेरून हिरवंगार दिसायचं आणि फोडलं की आत अळी. २०२२ साली सोयाबीन मातीतून डोकं काढतंय तोच शंखी गोगलगायींनी ते चाटूनपुसून नेलं. तुरीला शेंगा पोखरणारी अळी, उसाला खोडकिडा. ज्या जिल्ह्यात माणसं पाठीवर पंप घेऊन वर्षभर किड्यांच्या मागं असतात तिथं पोराला किडा म्हणणं ही कविकल्पना नसते, ते पीक बघून केलेलं निदान असतं. बाहेरून धड दिसतंय, आतून गेलंय, शेतीच्या उपयोगी पडायचं नाही. माझ्या बाबतीत हे निदान शंभर टक्के बरोबर निघालं हे कबूल करायला हरकत नाही.

इंग्रजीतले या जातीचे दोन शब्द अलीकडं गावात पोचले आहेत, त्यांची जुजबी माहिती असू द्यावी. 'नर्ड' हा शब्द छापून आला तो १९५० साली, डॉ. स्यूस यांच्या मुलांसाठीच्या एका पुस्तकात, आणि तिथं ते प्राणिसंग्रहालयातल्या एका कल्पित जनावराचं नाव होतं. 'गीक' त्याहून जुना. अमेरिकेतल्या जत्रांमध्ये तंबूत बसून जिवंत कोंबडीचं मुंडकं दातांनी तोडून दाखवणाऱ्या माणसाला गीक म्हणत. पुढं संगणकाचे दिवस आले, गीक मंडळींकडं पैसा आला आणि शब्दाला इस्त्री झाली. आमच्या गावचा एक मुलगा हिंजवडीत कामाला आहे. दिवाळीला तो छातीवर हा शब्द छापलेला टी-शर्ट घालून आला. त्याच्या आजीनं मला अर्थ विचारला. मी सवयीप्रमाणं मुळापासून सांगितला. तेव्हापासून ती माउली खुराड्याकडं जायची वेळ झाली की नातवाला आधी बाहेर पाठवते.

पुस्तकी किडा असं छापलेला टी-शर्ट मात्र मी आजवर एकाच्याही अंगावर पाहिलेला नाही.

तुम्हाला आणखीही नावं पडतील. चष्मा असेल तर ढापण्या. उलट प्रश्न विचारत असाल तर वकील. रेडिओ उघडून परत जोडता आला नाही तर शास्त्रज्ञ. मास्तर, पंडित, हुश्शार ही किरकोळ, चालू खात्यातली नावं. पुलंच्या 'व्यक्ती आणि वल्ली'तल्या सखाराम गटणेचं नाव तुम्हाला कोणी ठेवलं तर रागावू नका, हात पुढं करा. ज्यानं गटणे म्हटलं त्यानं ते पुस्तक वाचलेलं असणार, म्हणजे तो आपल्यातलाच निघाला. सगळ्यांत जपायचं ते 'कलेक्टर' या नावाला. ते ऐकायला गोड असतं, पण ती उचल असते. कधीतरी फेडावी लागते. त्याबद्दल पुढं येईलच.

सूर ओळखायला शिका

मराठी भाषेनं आपल्यावर एक मोठा अन्याय करून ठेवला आहे. शहाणा हा शब्द कोशात स्तुतीचा आहे, बोलण्यात क्वचितच. "लय शाना झालास का?" याचं उत्तर होय असं देणारा माणूस मला अजून भेटायचा आहे. दीडशहाणा म्हणजे शहाण्यापेक्षा निम्म्यानं जास्त, हिशेबानं बढतीच झाली, पण दीडशहाणा व्हायला कोणी तयार नसतं. आणि अति शहाणा त्याचा बैल रिकामा. परत बैल आलाच. आपल्या पूर्वजांनी अकलेचं मोजमाप दावणीला बांधून ठेवलंय ते कायमचंच.

तेव्हा शब्दाकडं लक्ष देऊ नका, सुराकडं द्या. सरावासाठी एकच वाक्य घेऊ : "लय वाचितो बाबा हा." चुलता म्हणाला तर अर्थ असा की कामाला हात लावत नाही. क्रिकेटच्या मैदानात दोस्त म्हणाला तर अर्थ असा की याला शेवटी बॅटिंगला पाठवा. आई पाहुण्यांपुढं म्हणाली तर तिच्या आवाजात तक्रार असते आणि चेहऱ्यावर नसते. तिला पाहुण्यांनी पुढं काहीतरी विचारायला हवं असतं. चौथा सूर शिक्षकाचा. जिल्हा परिषदेच्या शाळेत एका गुरुजींनी हजेरीपटावरून मान वर न करता "हा वाचतो" एवढं दोनच शब्दांत सांगितलं होतं. त्यात ना कौतुक होतं ना टोमणा, नुसती नोंद. त्या नोंदीवर मी पुढची दहा वर्षं काढली.

टोमणा आला की करायची हालचाल : पान उलटा. वाचून झालं नसलं तरी उलटा.

पूर्वजांचा आधार (जपून वापरावा)

कोणी फारच बोललं तर जिल्ह्याचा इतिहास काढावा असा मोह होतो, कारण इतिहास सगळा आपल्या बाजूचा आहे.

अंबाजोगाईला मुकुंदराजांची समाधी आहे. त्यांचा 'विवेकसिंधु' शके १११०, म्हणजे इसवी सन ११८८ चा मानतात, म्हणजे ज्ञानेश्वरीच्याही शंभरेक वर्षं आधीचा. मुकुंदराज नेमके इथलेच की विदर्भातले, यावर वाद घालणारी माणसं आहेत आणि तो वाद घालणारे सगळे अर्थातच आपल्या जमातीचे आहेत. त्याच गावात सोळाव्या शतकात दासोपंत होऊन गेले. त्यांनी भगवद्‌गीतेवर 'गीतार्णव' लिहिला, परंपरा सांगते की सव्वा लाख ओव्यांचा. कागद पुरेना म्हणून असेल किंवा हौस म्हणून, 'पंचीकरण' त्यांनी पासोडीवर लिहून काढलं. पासोडी म्हणजे थंडीत अंगावर घ्यायचं जाड कापड. ती पासोडी अंबाजोगाईत आजही जपून ठेवलेली आहे. त्यांना रोज ढब्बू पैशाची शाई लागायची अशी आख्यायिका आहे. मला यात दासोपंतांपेक्षा शाई आणून देणाऱ्याचं कौतुक वाटतं. रोज सकाळी दुकानदार त्याला काय म्हणत असेल? "संपली का कालची? लिहितेत तरी काय एवढं?" आणि घरातलं कोणीतरी नक्की म्हणालं असणार की पांघरायच्या कापडावर लिहून ठेवलंय, आता थंडीचं काय करायचं.

भास्कराचार्यांवरही बीडचा दावा आहे. त्यांनी आपलं गाव विज्जडविड असं सांगितलं आणि ते म्हणजे बीडच, असं आमच्याकडच्या काही अभ्यासकांचं म्हणणं. जळगाव जिल्ह्यातली पाटणदेवीकडची मंडळी हे ऐकून घेत नाहीत. ११५० मध्ये, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, त्यांनी 'सिद्धान्तशिरोमणि' पुरा केला. त्यातल्या 'लीलावती'त भुंगे, हंस, मोर आणि साप यांची गणितं आहेत. म्हणजे आठशे वर्षांपूर्वी कोणीतरी कमळांवर बसलेले भुंगे बघत होता आणि मनात त्यांचं वर्गमूळ काढत होता. त्याच्याही चुलत्याबद्दल काही नोंद सापडत नाही.

हे सगळं जपून वापरा, असं म्हटलं त्याचं कारण समर्थ रामदास. बीड जिल्ह्याच्या उत्तरेला गोदावरी ओलांडली की जालना जिल्ह्यातलं जांब, समर्थांचं जन्मगाव. दासबोधाच्या दुसऱ्या दशकात पहिला समास मूर्खलक्षणांचा आणि दहावा पढतमूर्खाच्या लक्षणांचा. मूर्खाला समर्थांनी झोडपलं ते समजून घेता येतं, पण शिकलेल्या मूर्खासाठी त्यांनी स्वतंत्र समास राखून ठेवला. आमच्या गावातल्या वारकरी म्हाताऱ्यांना तो पाठ असतो. तुम्ही 'लीलावती' काढली की ते पढतमूर्ख काढतात आणि त्यांचा माल घरचा असल्यामुळं तेच जिंकतात. आपल्या बाजूचा मुद्दा एकच राहतो : याच समर्थांनी एकोणिसाव्या दशकाच्या सुरुवातीला अक्षर कसं काढावं, ओळी कशा सरळ ठेवाव्यात, लेखणी-शाई-कागद यांची निगा कशी राखावी यावर एक अख्खा समास लिहिला आहे. ज्याला दोन ओळींमधलं अंतर सलतं तो माणूस कोणत्या गोटातला हे मी सांगायची गरज नाही. हा मुद्दा म्हाताऱ्यांपुढं मांडू नका. मी मांडला होता. ते म्हणाले, "बघा, हेच ते लक्षण."

प्रत्यक्ष उपयोग

आता मुख्य धडा. पुस्तकी किडा नावानं ओळखला जाऊ लागलात की दोन-तीन महिन्यांत तुमच्याकडं लोक येऊ लागतील. कागद घेऊन येतील. बँकेचा, तलाठ्याचा, पीकविम्याचा, कोर्टाचा. दिवसा ज्यानं किडा म्हटलं तोच संध्याकाळी सात-बारा उलगडून तुमच्या पुढ्यात धरेल, आणि त्या दोन्हींत काही विसंगती आहे असं त्याला अजिबात वाटणार नाही. तुम्हीही वाटून घेऊ नका. विहीर दिवसभर शिव्या खाते आणि सांजच्याला पाणी देते.

मी सातवीत असताना शेजारच्या काकू मुकादमाची वही घेऊन आल्या. आमच्या भागातली निम्मी गावं दिवाळी झाली की ऊसतोडीला जातात, पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. जाण्याआधी मुकादमाकडून उचल घ्यायची, मग फडात ती अंगमेहनतीनं फेडायची. आठवड्याची खर्ची त्याच खात्यात चढते, आजारपणात दिवस मोडला तर तो खाडा म्हणून त्याच खात्यात चढतो. काकूंना वाचता येत नव्हतं. त्यांना एवढंच कळत होतं की अख्खा हंगाम ऊस तोडूनही बाकी निघतेय, आणि ती निघायला नको होती.

मी वही घेतली. आमच्या ओसरीवर, कंदील पुढं ओढून, पहिल्या पानापासून बेरीज केली. पुस्तकी किड्याच्या आयुष्यातला हा सर्वोत्तम तास असतो, तो मी नंतर कुठल्याच परीक्षेत अनुभवला नाही. तिसऱ्यांदा बेरीज केल्यावर सापडलं : पौषातले चार खाडे दोन पानांवर दोनदा लिहिलेले. काकूंना तेव्हा ताप होता, ते चार दिवस त्यांना तारखेनिशी आठवत होते. त्या काही बोलल्या नाहीत. वही पदराखाली घेऊन गेल्या.

मुकादम दोन दिवसांनी आमच्या दारात आला. तो भांडला नाही हे त्याच्या बाजूनं नोंदवून ठेवलं पाहिजे. चहा घेतला आणि वडलांना म्हणाला, "पोरगं लय हुशार निघालं तुमचं. आवरा जरा." मला त्या वाक्यातला पहिला भाग रात्रभर पुरला आणि दुसरा वडलांना. पुढल्या वर्षी दसऱ्याच्या आधी तोच मुकादम स्वतःची वही घेऊन आला. कारखान्याच्या चिठ्ठीशी त्याचा हिशेब जुळत नव्हता. "किड्या, बघ रं," म्हणाला. मी बघितलं. त्यालाही कारखान्यावर कोणीतरी वरून कापलं होतं.

नवशिक्यांनी यातून घ्यायचं ते हे : तुमची बेरीज सगळ्यांना हवी असते, फक्त दुसऱ्याच्या वहीतली.

सरावासाठी आजचं उदाहरण देतो. जानेवारी २०२४ मध्ये ऊसतोड मजुरांच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली. टनाला २७३ रुपयांच्या आसपास मिळत होते, ते ३६६ झाले. गावात सगळ्यांनी '३४ टक्के' ऐकलं आणि ते किती मोठं आहे यावर पारावर चर्चा झाली. आता किड्यानं पाटी घ्यावी. समजा उचल १ लाख रुपये. जोडी दिवसाला दोन टन तोडते, म्हणजे ७३२ रुपये. एकही खाडा नाही, पाऊस नाही, ताप नाही, खर्ची एक रुपयाही नाही, असं धरलं तर उचल फिटायला १३७ दिवस लागतात. हंगाम चार-पाच महिन्यांचा. म्हणजे कोपीत राहून काहीच न खाल्लं तर गणित सुटतं. 'लीलावती'तल्या हंसांपेक्षा हे सोपं आहे, एका भागाकाराचं काम.

मुलींसाठी पुरवणी

मुलींनी ही मार्गदर्शिका थेट वापरू नये, कारण त्यांना किडा म्हणत नाहीत. मुलीला शहाणी म्हणतात, आणि तो शब्द मुलाला म्हटलेल्या शहाण्यापेक्षा बराच धारदार असतो. मुलाच्या वाचण्याला गाव वाया गेलेला वेळ समजतं. मुलीच्या वाचण्याला गाव वाट समजतं आणि ती वाट घराबाहेर जाते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत बीड जिल्ह्यातल्या २० ते २४ वयाच्या शंभर स्त्रियांमध्ये चाळिसांहून अधिक जणींची लग्नं अठराच्या आत झालेली निघाली. आईबाप फडावर जाणार, मुलीला गावात कोणाच्या भरवशावर ठेवणार, मग उरकून टाका. म्हणून मुलीचं पुस्तक उघडं राहणं ही बऱ्याचदा आधी कोणाच्या तरी ओसरीची, आजीच्या तब्येतीची किंवा वसतिगृहातल्या जागेची गोष्ट असते. २०२१ मध्ये ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी संत भगवानबाबा यांच्या नावानं शासकीय वसतिगृहांची योजना मंजूर झाली, राज्यातल्या ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहं. त्याआधीपासून शाळांमधून हंगामी वसतिगृहं चालतच होती, आजी आणि खिचडी यांच्या जिवावर.

वरचं १३७ दिवसांचं गणित मी एका शाळेत आठवीच्या वर्गाला घातलं. मुलांनी वह्या काढल्या. एका मुलीनं वही काढलीच नाही, तोंडी सांगितलं, आणि उत्तर बरोबर आहे म्हटल्यावर खाली बसली नाही. म्हणाली, "सर, कोयता दोघाचा असतोय ना? मंग वहीत नाव एकाचंच कामून?"

मी शिकवायला गेलो होतो. उत्तर माझ्याकडं नव्हतं, भास्कराचार्यांकडंही नव्हतं. वर्गातला एक मुलगा मागून हळूच म्हणाला, "बस गं शाने." ती बसली नाही.

पदवीचं नूतनीकरण

दहावीपर्यंत किडा हे नाव फुकट चालतं. बारावीनंतर त्याला निकाल जोडावा लागतो. शेजारच्या लातूरनं तर किडे तयार करण्याचा पॅटर्नच काढला, त्यामुळं आमच्याकडच्या पोरांना घरूनच विचारतात की लातूरला टाकू का. मुलगा अंबाजोगाईच्या वैद्यकीय महाविद्यालयात लागला तर किडा हे नाव एका दुपारीत गळून पडतं आणि त्याच दिवशी संध्याकाळपासून गावातले सगळे त्याला गुडघे दाखवतात. १९७४ पासून ते महाविद्यालय स्वामी रामानंद तीर्थांच्या नावानं चालू आहे. स्वामीजी स्वतः आधी मास्तर. हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेनंतर अंबाजोगाईला योगेश्वरी शाळेचे मुख्याध्यापक होते, निजामाच्या राज्यात. १९३८ मध्ये ते सत्याग्रहात उतरले आणि पुढं हैदराबादच्या मुक्तिलढ्याचं नेतृत्व केलं. मास्तर नुसता खडू झिजवतो असं कोणी म्हणालं तर हा एक मुद्दा दासोपंतांपेक्षा चांगला चालतो, कारण याला म्हाताऱ्यांकडं ओवी नाही.

जे वैद्यकीयला लागत नाहीत ते अभ्यासिकेत लागतात. बीड शहरात, अंबाजोगाईत, माजलगावात, अगदी वडवणीसारख्या लहान गावातही अभ्यासिका आहे : एक हॉल, फळीचे कप्पे, प्रत्येक कप्प्यात एक ट्यूब, एक पाण्याची बाटली आणि एक भावी अधिकारी. इथं एक नवल घडतं. सगळेच किडे असल्यामुळं कोणीच कोणाला किडा म्हणत नाही. ज्या नावाला लहानपणी घाबरलो त्याची इथं आठवण येते. बाहेर मात्र 'कलेक्टर'चा हप्ता सुरू झालेला असतो. पहिल्या वर्षी गावात शिरलं की "या कलेक्टर साहेब." तिसऱ्या वर्षी "काय कलेक्टर, निघाली का पोस्ट?" पाचव्या वर्षी नुसतंच "काय, चालू हे ना अभ्यास?" राज्यसेवेला खुल्या प्रवर्गाची वयोमर्यादा ३८, मागासवर्गीयांची ४३. शासनानं एवढी मोठी मुदत उमेदवाराला दिली, गावानं दिलेली नाही. तिशीच्या पुढं गेलेला एक मित्र मला म्हणाला होता, "किडा म्हणायचे तवा वाटायचं फुलपाखरू होईन. आता कोषातच म्हातारा व्हायलोय." तो नंतर तलाठी झाला. फुलपाखरू म्हणता येणार नाही, पण त्याच्या दारात आता सकाळपासून लोक बसतात.

नेहमी होणाऱ्या चुका

लग्नाच्या पंगतीत कोणी "पोरगं एमपीएससी देतंय, कलेक्टर होणार" म्हणालं तर एमपीएससीतून थेट कलेक्टर होत नाहीत, उपजिल्हाधिकारी होतात, असं सांगू नये. मुलाचं लग्न ठरत असेल तर मुळीच सांगू नये.

रेल्वेच्या विषयात पडू नये. अहिल्यानगर-बीड-परळी मार्ग २६१ किलोमीटरचा, मंजुरी १९९५ च्या सुमाराची, आणि बीड शहरात पहिली गाडी आली १७ सप्टेंबर २०२५ ला, मुक्तिसंग्राम दिनी. हे आकडे मला तोंडपाठ होते, दरवर्षी दुरुस्त करून ठेवायचो. गाडी आली त्या दिवशी फलाटावर गर्दीत उभा राहून मी शेजारच्या गृहस्थांना सांगितलं की ताशी किलोमीटर सोडा, बीडपर्यंत वर्षाला किती किलोमीटर काम झालं बघा, साधारण साडेपाच. त्यांच्या खांद्यावर नातू होता. त्यांनी नातवाला दुसऱ्या खांद्यावर घेतलं आणि माझ्यापासून दोन पावलं सरकून उभे राहिले.

सीताफळ हातात घेऊन बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकन आहे हे सांगायला हरकत नाही, पण आधी फळ खाऊ द्यावं.

बॅनरवरच्या ऱ्हस्व-दीर्घाला हात लावू नये.

आणि नाव पुसून जायची घाई करू नये. मी नोकरीनिमित्त छत्रपती संभाजीनगरात राहायला लागून बरीच वर्षं झाली. तिथं मला कोणी किडा म्हणत नाही. सोसायटीत सर म्हणतात, तेही गाडी नीट लावा हे सांगण्यापुरतं. गेल्या चैत्रात जत्रेला गावी गेलो. पारावर चुलते बसले होते, आता ऐंशीच्या घरातले. डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, पण वाचण्याचं काम त्यांनी आयुष्यभर कधी डोळ्यांवर सोपवलंच नव्हतं. मला बघून ओळख पटायला जरा वेळ लागला. मग कोपरीच्या खिशातून घडी घातलेलं विजेचं बिल काढलं.

"किड्या, वाच रं हे. मोठ्यानं वाच."

मी वाचलं. मागचं रीडिंग, चालू रीडिंग, युनिट, स्थिर आकार, वहन आकार, सगळं. शेजारी चार-पाच जण जमले. मोबाइल काढून दोनदा बेरीज केली.

"बिल बरोबर हे, तात्या."

त्यांनी ते माझ्या हातातून घेतलं, घडी केली, खिशात घातलं.

"बरोबरच हे म्हनायचं व्हतं," ते म्हणाले, "तर तुला एवढं शिकवून उपेग काय झाला?"